‘इल्मॅटिक’ : विसाव्या वर्षी दिलेली साक्ष

रॅप हे नाव काढले की आपल्या घरांत दोन तट पडतात. वडीलधारी मंडळी ‘हे कसले गाणे, ही तर शिवीगाळ’ म्हणून मोकळी होतात. नातवंडे कानांत यंत्रे अडकवून मान हलवीत बसतात, आणि काय ऐकतोस म्हणून विचारले तर ‘आजी, तुला नाही कळायचे’ असे म्हणतात. एकाच टेबलावर जेवणाऱ्या माणसांत या एका विषयावर बोलणे म्हणून होत नाही. ते व्हावे एवढ्याच हेतूने आज आम्ही एका ध्वनिमुद्रिकेविषयी चार शब्द लिहीत आहोत.

ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘इल्मॅटिक’. गाणाऱ्याचे नाव नास. हे नाव मराठी कानाला जरा अशुभ लागते, परंतु ते नसीर या नावाचे लघुरूप आहे आणि नसीर म्हणजे साहाय्य करणारा. पूर्ण नाव नसीर जोन्स. ‘इल्मॅटिक’ १९ एप्रिल १९९४ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीने काढली. तीत एकंदर दहा भाग आहेत, पहिला प्रस्तावनेचा आणि पुढे नऊ गाणी. सगळे मिळून सुमारे ४० मिनिटे. गाणारा त्या वेळी २० वर्षांचा होता.

तीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज कशाला, असे कोणी विचारील. एक कारण असे की २०२१ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ‘इल्मॅटिक’चा समावेश केला. म्हणजे ती आता केवळ पोरांची करमणूक राहिली नाही, इतिहासाचा कागद झाली आहे. दुसरे कारण असे की तिच्यात १९८० नंतरची जी दहा-बारा वर्षे आहेत, त्याच वर्षांत आपल्यापैकी काही कुटुंबे न्यूयॉर्कला येऊन स्थायिक झाली. आम्हीही त्यांतलेच. मुंबईत नर्सिंगचे शिक्षण पुरे करून १९८४ साली आम्ही येथे आलो आणि शहरातील एका इस्पितळात बरीच वर्षे रात्रपाळी केली. त्यामुळे या गाण्यांत जे आहे त्याची दुसरी बाजू आमच्या डोळ्यांपुढून गेलेली आहे. गाण्यातील जाणकारी आम्ही सांगत नाही. साक्ष खरी की खोटी, एवढे मात्र सांगू शकतो.

आधी या गाण्याची जात समजून घेऊ. रॅपमध्ये सूर थोडा, ताल आणि यमक भरपूर. आपल्याकडचे त्याचे जवळचे नातेवाईक शोधायचे तर पोवाडा आठवावा. डफ आणि तुणतुणे यांच्या ठेक्यावर शाहीर घडलेली हकिगत सांगतो. चाल साधी असते, कारण लक्ष शब्दांकडे राहायला हवे. शेवटी तो आपले नाव गुंफतो. रॅप गाणाराही ठिकठिकाणी आपले नाव घालतो, आपल्या मोहल्ल्याचे आणि सोबत्यांचेही. आपल्या समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी कीर्तने होऊ लागली, तेव्हा एकच माणूस उभा राहून गद्यात, पद्यात, तालावर कथा सांगे आणि मंडळी रात्र जागवीत. तेव्हा बोलल्यासारखे गाणे आणि गायल्यासारखे बोलणे आपल्याला अगदीच परके नाही.

फरक आहे तो वाद्यांत. रॅपमध्ये जुन्या तबकडीतला दोन-चार सेकंदांचा तुकडा घेऊन तोच पुनःपुन्हा फिरवतात आणि त्यावर ठेका बसवतात. ‘इल्मॅटिक’च्या शेवटच्या गाण्याखाली मायकेल जॅक्सनच्या ‘ह्यूमन नेचर’चा तुकडा आहे. तो ज्यांच्या ओळखीचा आहे त्यांना एकदम जुने घर दिसल्यासारखे होते. त्या काळी एका अल्बमला बहुधा एकच संगीतकार असे. येथे डी. जे. प्रीमिअर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप आणि एल. ई. एस. असे पाच जण एका नवख्या मुलासाठी राबले. यमकाच्या बाबतीतही हा मुलगा कसबी आहे. ओळीच्या टोकाला एक यमक ठेवून तो थांबत नाही, ओळीच्या पोटातही तीन-चार ठिकाणी पेरतो. म्हणून पहिल्या ऐकण्यात शब्द सुटतात. शब्द समोर छापील ठेवून ऐकावे, असे आम्ही सुचवतो.

आता जागा. क्वीन्समध्ये ईस्ट नदीच्या काठी, क्वीन्सबरो पुलाच्या बाजूला क्वीन्सब्रिज हाउसेस ही सरकारी वसाहत आहे. १९३९ साली ती उघडली. सहा मजल्यांच्या ९६ इमारती, तीन हजारांवर बिऱ्हाडे. अमेरिकेतील ही सर्वांत मोठी सरकारी वसाहत. बांधताना काटकसर म्हणून लिफ्ट फक्त पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावर थांबेल अशी केली होती. ज्यांनी मुंबईच्या चाळींचे जिने चढून पाणी भरले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पण दुसऱ्याच्या घराचा आराखडा काढताना माणूस कोठे काटकसर करतो, हे मात्र त्यावरून कळते.

नसीरचे वडील ओलू दारा हे मिसिसिपीहून आलेले कॉर्नेटवादक, जॅझमध्ये नावाजलेले. आई नॉर्थ कॅरोलिनाची, टपाल खात्यात नोकरीला. दोघेही दक्षिणेतून पोटासाठी उत्तरेच्या शहरात आलेली माणसे. कोकणातल्या गावांतून मुंबईला आणि मुंबईहून परदेशी आलेल्या आपल्या कुटुंबांना ही वाट नवी नाही. नसीर बारा-तेरा वर्षांचा असताना आईबाप वेगळे झाले. मुलगा आईजवळ राहिला. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. पुढचे शिक्षण त्याने स्वतः पुस्तके वाचून आणि वसाहतीच्या बाकांवर बसून घेतले.

त्याचा जन्म १४ सप्टेंबर १९७३ चा. हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी ११ ऑगस्टला ब्रॉन्क्समधील एका इमारतीत कूल हर्क या जमैकाहून आलेल्या तरुणाने पार्टीत तबकड्या वाजवल्या. हिप-हॉप तेथून सुरू झाले असे मानतात. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात गव्हर्नर रॉकफेलर यांनी अमली पदार्थांविरुद्ध अतिशय कडक कायदे केले. थोड्याशा मालासाठी दीर्घ मुदतीची शिक्षा देणारे हे कायदे होते. मुलगा, त्याची कला आणि त्याच्या सोबत्यांना आत घेणारा कायदा, असे तिन्ही एकाच वर्षाचे.

पुढचे दशक कसे गेले ते थोडक्यात सांगतो. १९७५ साली शहराची तिजोरी रिकामी झाली, आणि नगरपालिकेने शाळा, अग्निशमन, इस्पितळे सगळीकडे हात आखडता घेतला. १९८४-८५ च्या सुमारास क्रॅक आला. कोकेनचीच ही स्वस्त जात, चार-पाच डॉलरांत मिळणारी, ओढल्यावर काही सेकंदांत चढणारी आणि पाव तासात उतरणारी. उतरला की पुन्हा हवा. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला ५ वर्षांची सक्तीची शिक्षा लावली. तेवढ्याच शिक्षेसाठी पांढऱ्या पुडीचे कोकेन ५०० ग्रॅम लागे. पुडी पैसेवाल्यांची आणि क्रॅक गरीब वस्त्यांतला, हे वेगळे सांगायला नको. हे शंभरपटीचे प्रमाण २०१० साली कमी केले, पण तेही अठरापटीवर आणून सोडले. न्यूयॉर्क राज्याच्या तुरुंगांत १९७३ साली सुमारे साडेबारा हजार कैदी होते, १९९९ साली सत्तर हजारांवर गेले. १९९० या एका वर्षात न्यूयॉर्क शहरात २,२४५ खून झाले. तुलनेसाठी सांगायचे तर २०१७ साली हा आकडा तीनशेच्या आत होता.

आकडे वाचताना मनाला फारसे लागत नाही. नसीरचा शेजारी आणि जिवलग मित्र विली ग्रॅहम, ज्याला सगळे ‘इल विल’ म्हणत, १९९२ च्या मे महिन्यात क्वीन्सब्रिजमध्ये गोळी लागून मेला. त्याच रात्री नसीरच्या धाकट्या भावालाही पायाला गोळी लागली, पण तो वाचला. या मित्रासोबतच नसीर घरात रॅप करायला शिकला होता. दोन वर्षांनी ध्वनिमुद्रिका निघाली, तीत तो मित्राचे नाव घेऊन त्याच्यासाठी दुवा मागतो.

आता गाण्यांकडे वळू. सर्वांची हजेरी आम्ही घेत नाही, तीन गाण्यांपुरतेच बोलतो.

‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’ या गाण्यात गोळीबाराचा प्रसंग आहे. सांगणारा बंदूक चालवतो, ती मध्येच अडकते, तो पळत इमारतीच्या लॉबीत शिरतो, आणि लॉबी लहान मुलांनी भरलेली असते. सिनेमातल्या नायकाची बंदूक अशी अडकत नाही आणि सिनेमात लॉबी रिकामी असते. येथे खरे वाटते ते यामुळेच. खाली पियानोचे दोन-चार सूर एकसारखे फिरत राहतात, कोणी जिन्यात वाट बघत उभे असावे तसे. आम्ही इस्पितळात असताना पोलिसांबरोबर आलेली मुले याच क्रमाने बोलत. आधी आवाज, मग पळणे, मग ‘तेथे लहान मुले होती हो’. शौर्याची भाषा नंतर सोबती भेटायला आले की सुरू होई.

‘वन लव्ह’ हे गाणे पत्रांच्या रूपात आहे. तुरुंगातील मित्रांना बाहेरचा मित्र पत्र लिहितो. तुला मुलगा झाला, तो तुझ्यासारखा दिसतो. तुझ्या खात्यात थोडे पैसे ठेवले आहेत. अमका असा वागला, तमका मारला गेला. आपल्यापैकी ज्यांनी एके काळी निळ्या आंतरदेशीय पत्रांवर आणि एरोग्रामवर घरची खुशाली लिहिली, कडेच्या मोकळ्या जागेतही दोन ओळी बसवल्या, त्यांना ही पत्रे लगेच ओळखू येतील. दूरच्या माणसाला काय सांगावे आणि काय गाळावे, हा प्रश्न तोच. गाण्याच्या शेवटच्या भागात लिहिणाऱ्याला बाकावर एक बारा वर्षांचा मुलगा भेटतो. तो माल विकतो, गोळीपासून बचावाचे जाकीट घालतो. लिहिणारा त्याला दोन शब्द शहाणपणाचे सांगतो. सांगणारा स्वतः विशीतला! पण त्या वस्तीत वीस वर्षांचा म्हणजे वडीलधारा, कारण मधली माणसे तुरुंगात किंवा मातीत. संपूर्ण ध्वनिमुद्रिकेत आम्हांला सर्वांत थोर वाटतो तो हा भाग. येथे उपदेशाचा आव नाही आणि रडगाणेही नाही.

तिसऱ्या गाण्याचे नाव या मासिकात छापण्याजोगे नाही. त्यात नसीरचा एझी नावाचा सोबती पहिला भाग गातो आणि आयुष्याचा काही भरवसा नाही तेव्हा आज मजा करा असा सूर लावतो. दुसऱ्या भागात नसीर आपल्या विसाव्या वाढदिवसाच्या सकाळी उठल्याची गोष्ट सांगतो, आणि जागे झालो याबद्दल कृतज्ञता व्यक्त करतो. विसावा वाढदिवस पाहणे ही ज्या वस्तीत आभार मानण्याची गोष्ट होते, तिच्याविषयी याहून अधिक काय सांगावे? गाणे विझत जाते तसा कॉर्नेट ऐकू येतो. तो वाजवणारे ओलू दारा, त्याचे वडील. घर सोडून गेलेला बाप मुलाच्या गाण्याच्या शेवटी येऊन उभा राहतो. कोणी काही बोलत नाही, नुसते वाद्य वाजते.

मुखपृष्ठही पाहण्यासारखे आहे. सात वर्षांच्या नसीरचा चेहरा, आणि त्याच्या आरपार दिसणारा वस्तीचा रस्ता. मुलाचा हा फोटो वडिलांनीच काढलेला. ध्वनिमुद्रिकेचे मर्म याच चित्रात आहे, असे आमचे मत. हे दशक मोठ्यांनी सांगितले ते वर्तमानपत्रांतून, न्यायालयांतून, निवडणुकीच्या भाषणांतून. ‘इल्मॅटिक’ ते मुलाच्या उंचीवरून सांगते. बाक, जिना, लॉबी, खिडकी, त्यापलीकडे ती जात नाही. कोणाची दया मागत नाही, सरकारला शिव्या देत बसत नाही, आणि जे पाहिले त्याला गोड रंगही देत नाही. रुग्णाच्या तक्त्यावर आम्ही लिहीत असू, तशी ही नोंद आहे. वेळ, काय दिसले, काय केले, पुढे काय झाले.

अशा नोंदीची किंमत मोठी. त्या वर्षांत क्रॅकच्या व्यसनी मातांची बाळे आमच्या वॉर्डांत येत. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘क्रॅक बेबी’ नाव देऊन ही पिढी वाया गेली असे छापले. पुढे फिलाडेल्फियात १९८९ पासून वीस-बावीस वर्षे अशा मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा २०१३ साली निष्कर्ष निघाला की त्यांच्या वाढीवर कोकेनपेक्षा गरिबीचा परिणाम अधिक होता. ज्यांच्याविषयी लिहिले जात होते त्यांचे म्हणणे कोणी ऐकत नव्हते. नसीरने निदान एका वसाहतीचे म्हणणे ऐकवले.

एवढी स्तुती केल्यावर उणे सांगणेही आमचे कर्तव्य आहे.

पहिले उणे भाषेचे. शिव्या भरपूर आहेत, आणि स्त्रियांविषयीचे शब्द तर लाजिरवाणे. वस्तीत असेच बोलत असत, असे समर्थन ऐकू येते. असतील बोलत. पण ज्या मुलाला बंदूक अडकल्याचे खरे सांगता आले, त्याला स्त्रियांविषयी खरे पाहणे अशक्य नव्हते. शस्त्रांची फुशारकीही काही गाण्यांत नको तितकी आहे. बारा वर्षांच्या मुलाला समजावणारा आणि बंदुकीचे गोडवे गाणारा एकच आवाज आहे, आणि ऐकणारी सगळीच मुले या दोहोंत फरक करतील असे नाही.

दुसरे उणे अधिक खोल आहे. या ध्वनिमुद्रिकेत आया जवळजवळ नाहीत. गोळी सुटते, मुलगा पळतो, कोणी पडतो, आणि गाणे पुढच्या गोष्टीकडे वळते. पडलेला आमच्याकडे येई. कपडे कात्रीने कापायचे, दोन्ही हातांत सलाईन लावायचे, डॉक्टर छातीत नळी घालीत तोवर नाडीवर बोट ठेवून उभे राहायचे. कापलेले कपडे पोलिसांसाठी कागदी पिशवीत भरले जात, आणि त्या पिशवीत त्याचा बीपर वाजत राही. बाहेर बाकावर आई बसलेली असे, बहुधा कामाच्या कपड्यांतच, कारण निरोप कामावर गेलेला. तिला आत बोलावण्याचे काम आमच्याकडे येई. जी मुले वाचली त्यांतली कित्येक कमरेखाली लुळी झाली, आणि पुढची वर्षे त्यांना कुशीवर वळवणे, पाठीच्या जखमा पुसणे हे त्याच आयांनी केले. या स्त्रियांनी त्या दशकात घरे उभी ठेवली. नसीरचे घरही टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या आईनेच उभे ठेवले. चाळीस मिनिटांत तिला एखादे गाणे मिळायला हरकत नव्हती.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की ती उणीव त्याने पुढे काही अंशी भरून काढली. २००२ साली त्याची आई कर्करोगाने वारली. त्याच वर्षअखेर निघालेल्या ‘गॉड्स सन’ या ध्वनिमुद्रिकेत ‘डान्स’ हे गाणे आईसाठी आहे, आणि त्यातही वडिलांचा कॉर्नेट आहे. २०१४ साली ‘टाइम इज इल्मॅटिक’ नावाचा माहितीपट निघाला. त्यात धाकटा भाऊ जुन्या फोटोतील मुलांवर एकेक बोट ठेवून कोण तुरुंगात आहे, किती वर्षांसाठी आहे, हे सांगत जातो. घरी मोठ्या मुलांबरोबर तो अवश्य पाहावा. ध्वनिमुद्रिकेत जे ऐकण्यातून निसटते ते त्यात दिसते.

मुंबईशीही या माणसाचा धागा जुळला आहे. २०१९ साली झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ चित्रपट आला, तेव्हा त्याच्या निर्मात्यांच्या यादीत नसीर जोन्स हे नाव होते. अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी या दोन तरुण रॅप गाणाऱ्यांच्या आयुष्यावरून तो चित्रपट सुचला. त्यांची भाषा बंबईया हिंदी, गल्ल्या आपल्या ओळखीच्या. क्वीन्सब्रिजच्या बाकावरून निघालेली रीत कुर्ल्याच्या गल्लीत पोहोचली, आणि तेथील मुलांनी आपली हकिगत आपल्या शब्दांत सांगितली. एखाद्या कृतीचे मोठेपण मोजायला याहून चांगले माप आम्हांला ठाऊक नाही.

तेव्हा नातवंडांनी ही ध्वनिमुद्रिका ऐकावी काय? पंधरा-सोळा वर्षांच्या पुढच्यांनी जरूर ऐकावी, पण एकट्याने नव्हे. शेजारी बसावे, ‘वन लव्ह’पासून सुरुवात करावी, शब्द समोर ठेवावेत, आणि तिसऱ्या भागापाशी थांबून विचारावे, ‘हा मुलगा पुढे काय झाला असेल?’ मग आपणही सांगावे की त्या वर्षांत आपण कोठे होतो, कोणत्या पाळीला जात होतो, रात्री घरी परतताना कोणता रस्ता टाळत होतो. आपल्या घरांतही कठीण दशके झाली आहेत, आणि मुलांना त्यांची तारखेपलीकडे काही माहिती नाही. एका विशीतल्या मुलाने आपल्या वसाहतीची साक्ष देऊन ठेवली. ती अर्धी आहे, पण खरी आहे. उरलेली अर्धी सांगायला त्या काळची पुष्कळ माणसे अजून हयात आहेत, आपल्यापैकीही. त्यांना कोणी तरी विचारावयास हवे.